पयल्या वर्षी पोरी का नाय आल्या

हे मी कुनालाच सांगितलं नाय. बायकोलाबी नाय — आनि तिला तर मी भर बाजारात प्यांट फाटली तेबी सांगितलंय.

मी मिशनच्या शाळेचा शिपाई. घंटा मी वाजवतो, पन घड्याळ पोरांना विचारून. शाळा मातर अशी, का काय सांगू! मोखाड्याला कचेरीत जा, दवाखान्यात जा — आमच्याच पोरी. परवा एकीनं मला सुई टोचली. मी वरडलो, तर म्हनते, "काका, सुट्टीची घंटा उशिरा वाजवायचात ना, त्याचं हे!" दुखत व्हतं, तरी छाती फुगली.

दर गॅदरिंगला शाळेचा इतिहास वाचतात. सिस्टर पायी पाड्यापाड्यावर फिरल्या, तरी पयल्या वर्षी एकबी पोरगी आली नाय — लोक अडानी व्हते. मंग टाळ्या. मीबी वाजवतो.

लोक अडानी? नाय हो. अडानी मी.

तवा मला मिसरूड फुटलं व्हतं. सिस्टरना आमची बोली येईना, म्हनून मी संगं फिरायचो, इकडचं तिकडं सांगायला. आठ घरं पोरी पाठवायला कबूल झाली. माझी भन जनी — तिनं तर शाळेत घालायला माझा जुना सदरा धुऊन ठेवला.

आनि मी काय केलं? खोडाळ्याच्या बाजारात चहा पिताना चार अनोळखी मानसांना हसवलं. "सिस्टर डोक्याला फडकं का बांधतात? खाली टक्कल हाय! पोरींचंबी करनार." लय हसले. आठ दिवसांत तेच आमच्या पाड्यावर आलं — खरी बातमी होऊन. माझं नाव वाटेत गळालं.

शाळा उघडली, पोरी नाय. सिस्टर दारोदार गेल्या. संगं मीच. आयाबाया हात जोडून सांगत व्हत्या, "बाई, पोरींचे केस नका कापू." सिस्टरनी मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं — "म्हनतात, पोरींना शिकवून काय करायचं?"

ते त्यांनी वहीत लिवलं. तोच इतिहास.

भ्यालो. हसं होईल म्हनून — मी, ज्याचं रोज हसं!

पुढच्या वर्षी सात पोरी आल्या. जनीच्या कडेवर तवर धाकटा भाऊ बसला व्हता. ती कधीच आली नाय.

आता नातीच्या पालकसभेला येते. सगळे सही करतात, ती अंगठा लावते. शाईचा प्याड मीच धरतो. यंदा अंगठा टेकवता टेकवता म्हनाली, "दादा, ते केस कापायचं कुनी उठवलं व्हतं रं तवा?"

मी म्हनालो, "नीट दाब. उमटला नाय."