केबल काढलेला सर्व्हर

मी ठाकुर्लीची. कुणाच्या अंगात आलं तरी 'आधी डॉक्टरकडे न्या' म्हणणारी. त्यामुळे हे इथे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय... पण घडलंय, आणि मी तिथे एकटी नव्हते.

आमचं डेटा सेंटर ठाण्यात, कोलशेतला. तिथले बरेच सर्व्हर अर्धे रिकामे चालायचे – काम थोडं, वीज आणि एसी मात्र पूर्ण. त्यांच्यावरची कामं चालू असतानाच मोजक्या मशीनवर एकत्र आणायची आणि रिकामी झालेली बंद करायची, हा प्लॅन माझा. आमचे प्रधान सर म्हणालेले, "स्नेहा, एका हॉस्पिटलचं काम आहे त्यात. मध्येच बंद पडलं तर उत्तर तू द्यायचंस."

"देईन सर."

उन्हाळ्यातली दुपार. सगळी कामं सुरळीत हलली. रिकामे सर्व्हर एकेक करून बंद झाले. शेवटचा मात्र कमांड देऊनही बंद होईना. माझा सहकारी संकेत वैतागला. "थांब, वायरच काढतो!" त्याने मागच्या दोन्ही पॉवर केबल उपटल्या.

सर्व्हरचा दिवा हिरवाच. पंखे फिरतायत!

"स्नेहा... हे कशावर चाललंय?" केबल त्याच्या हातात लोंबत होत्या.

मी स्क्रीनवर बघितलं, तर त्या सर्व्हरवर एक काम चालू – हॉस्पिटलच्या आयसीयूचं! आमची हलवाहलव चालू असतानाच नवीन सुरू झालेलं. मी ते लगेच दुसऱ्या मशीनवर न्यायला घेतलं. "थांब रे बाबा, थोडा थांब," संकेत चक्क सर्व्हरशी बोलत होता. सरही दारात येऊन बघत होते.

काम पलीकडे पोचलं... आणि त्याच क्षणी दिवा विझला. पंखे थांबले.

हॉस्पिटलला काही कळलंसुद्धा नाही. आम्ही तो सर्व्हर उघडून तपासला. बाकीच्यांसारखाच, आत बॅटरी वगैरे काही नाही.

आज सर्व्हरचा निम्मा हॉल बंद असतो आणि काम कुठेच अडत नाही. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हा प्लॅन स्नेहाचा."

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मशीनचं मला काय कळत नाय. पण तू पळाली नाहीस ना?"

"नाही बाबा."

तेवढ्यावर त्यांनी अख्ख्या चाळीला माझं कौतुक ऐकवलं! बाकी, तो सर्व्हर कशावर चालला... ते मला अजून कुणीही सांगू शकलेलं नाही.