दहाची बोली

उमरीच्या बाजूचं माझं गाव स्टेशनामुळे वाढलं. निजामाच्या काळात रूळ पडले. त्यामागोमाग कापसाचं जिनिंग, आडत दुकानं आणि हायस्कूल आलं. त्या शाळेत शिकून मी नांदेडला वर्तमानपत्रात लागलो. माझ्याच वयाची आतेबहीण रुळापासून लांब, भोकरकडच्या गावात वाढली. तिथं सातवीपुढं वर्ग नव्हते. तिचं शिक्षण तिथंच थांबलं.

आमच्या मोंढ्याच्या बाजारात धान्याची बोली सकाळी दहाला लागायची. पूर्वी खरेदीदार साडेनऊच्या पॅसेंजरनं उतरत, म्हणून ती वेळ. पुढं ते लातूरहून मोटारीनं येऊ लागले, गाडीची वेळही बदलली. बोली दहालाच राहिली.

दोन वर्षांपूर्वी बहिणीनं गावातल्या सहा बायकांची तूर एकत्र करून पहिल्यांदाच मोंढ्यात आणली. गावातला एकुलता टेम्पो आधी दूध पोचवतो, मग माल घेतो. ती बाराला पोचली तेव्हा बोली उरकली होती. तूर परत गेली. आणखी एकदा असं झालं तर आपला माल गावातल्या व्यापाऱ्यालाच घालू, असं बायकांनी तिला सांगून टाकलं.

चार दिवसांनी ती एकटीच आली आणि माझ्या काकांसमोर बसली. काका मोंढ्यातले सर्वांत जुने आडते. मी सुट्टीवर होतो, शेजारीच होतो. काकांनी समजावलं, की वाडवडिलांपासूनची वेळ आहे, टेम्पोवाल्याला लवकर निघायला सांग. तिनं ऐकून घेतलं.

"मामा, ती साडेनऊची पॅसेंजर आता कवा येते?"

"दीडला."

"तिच्यातून तुमचा कोणता खरेदीदार उतरतो?"

"एक बी न्हाई."

"मग दहाची घाई कुणासाठी करून राहिले?"

काकांनी लातूरच्या दोन खरेदीदारांना फोन लावला. दहाला पोचायचं म्हणून आम्ही अंधारात घर सोडतो, बारा वाजले तर बरंच, असं दोघंही म्हणाले. इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांनी इतर आडत्यांना गोळा केलं. वाद दोन दिवस चालला.

पुढच्या आठवड्यात बोली साडेबाराला लागली. बहिणीच्या तुरीचा ढीग तिसरा होता. तो विकला गेला तेव्हा दीडची गाडी स्टेशनात शिरत होती. मोंढ्यात कुणी मान वर केली नाही. बहीण रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत टेम्पोवाल्याला सांगत होती, पुढच्या खेपेला नऊ घरांचा माल आहे.