काकूंसाठी एक तुल्यबळ शत्रू

"घाई करू नकोस, तो विचार करतोय," असं म्हणून काकू चष्मा कपाळावर चढवायच्या आणि हाताची घडी घालून बसायच्या. 'तो' म्हणजे कॉम्प्युटर. त्याची खेळी पुरी होईपर्यंत चहाचा कपसुद्धा उचलायचा नाही, असा त्यांचा नियम होता. समोरचा खेळत असताना त्याला शांतपणे खेळू द्यावं, एवढा शिष्टाचार त्या यंत्राशीही पाळत.

इकडे परदेशात, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात, आमच्या दोन घरांत फक्त एक लाकडी कुंपण आहे. मी घरून काम करणारा सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा माणूस. काकू पलीकडच्या घरात लेकीकडे सहा महिन्यांसाठी मिरजेहून आल्या होत्या. सकाळी सातला लेक-जावई कामाला जायला मोटरवेला लागले की त्या पाच बेडरूमच्या घरात काकू एकट्या. नात पामर्स्टन नॉर्थला शिकायला जाताना जुना लॅपटॉप आणि त्यातला एक खेळ आजीच्या हवाली करून गेली. "यू विल लव्ह इट, आजी. हीप्स ऑफ प्लॅनिंग," एवढंच तिनं सांगितलं म्हणे.

खेळ अंतराळातला. एका ग्रहावरून सुरुवात करायची, शेजारचे ग्रह वसवायचे, खाणी खोदायच्या, इंधन पोचवायचं, आरमार बांधायचं आणि हेच सगळं करणाऱ्या कॉम्प्युटरच्या राज्याशी लढायचं. एक डाव चार-चार दिवस चालतो. माझ्यासारखे लोक त्यात पहिल्या दिवशीच गारद होतात. काकू दीड महिन्यात सर्वांत अवघड पातळीवर जिंकायला लागल्या.

त्यात नवल नव्हतं. त्यांनी अठ्ठावीस वर्षं एका दूध संघाच्या वाहतूक विभागात काढली होती. कुठल्या गावाची गाडी किती वाजता निघेल, पूल पाण्याखाली गेला तर कुठून वळेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. त्यांच्यापुढे शंभर ग्रह म्हणजे काय मोठंसं.

मला वाटलं, काकू खूश असतील. त्या चिडल्या होत्या. "अरे, याची इंधनाची जहाजं रिकामी परत येतात," त्या म्हणाल्या. "आमची गाडी जाताना पेंड घेऊन जायची, येताना दूध. रिकामी गाडी आणणारा ड्रायव्हर आमच्याकडे दोन दिवस टिकला नसता. आणि याला म्हणे सगळ्यात अवघड पातळी."

हा खेळ दोन माणसांनाही एकमेकांशी खेळता येतो. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी एक डाव मांडला. तिसऱ्या दिवशी चुकून त्यांची एक बाजू उघडी पडली. मी बघून न बघितल्यासारखं केलं आणि आरमार भलतीकडे पाठवलं. काकू जिंकल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पत्रपेटी उघडत होतो, तेव्हा त्या कुंपणाशी आल्या.

"तूसुद्धा," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून सगळे मला जिंकू देतात. दीर, भाचे, सोसायटीतल्या बायका. चौतीस वर्षं रोज संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ खेळलो, ह्यांनी एकदाही मला सोडलं नाही. आता पत्त्यांतसुद्धा मला कुणी हरवत नाही. कीव करतात माझी."

त्यांचे यजमान जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी पत्रपेटी लावून घेतली.

"यंत्राला कीव नाही, एवढं बरं आहे," काकू पुढे म्हणाल्या. "पण अक्कलही नाही. ती घालता येते का, तेवढं सांग."

घालता येत होती. हा खेळ जगभरचे हौशी लोक मिळून बनवतात. कुणीही सुधारणा पाठवावी; चार-पाच जुनीजाणती मंडळी ती तपासतात आणि पटली तर पुढच्या आवृत्तीत घेतात. कॉम्प्युटरच्या चालींचे नियम साध्या 'जर-तर'च्या ओळींत लिहिलेले असतात. मी म्हणालो, कशाला कुणाला विचारायचं, आपण आपल्या लॅपटॉपपुरतं बदलून टाकू.

"मीच शिकवायचं आणि मीच त्याला हरवायचं, यात काय अर्थ आहे?" काकू म्हणाल्या. "चार शहाण्यांनी तपासू दे. त्यांचीही अक्कल त्यात पडू दे. मग बघू."

काकूंचा व्हिसा संपायला नऊ आठवडे होते. त्या मराठीत नियम लिहायच्या आणि मी जेवणाच्या सुट्टीत ते कोडमध्ये उतरवायचो. पंधरा दिवसांत त्या माझेच स्वल्पविराम सुधारायला लागल्या.

त्यांचा पहिला नियम असा होता: जहाजानं माल भरल्याशिवाय परत फिरायचं नाही. मी टेस्टर असूनही मला त्यात खोट दिसली नाही. चार दिवसांनी तपासणाऱ्यांपैकी एकाचं नम्र उत्तर आलं. त्याच्या डावात कॉम्प्युटरची झाडून सगळी जहाजं नव्या, ओसाड ग्रहांवर माल भरायची वाट बघत उभी राहिली होती आणि तिकडे राजधानीतलं इंधन संपून राज्य बसलं होतं. काकूंनी ते उत्तर मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "गाव म्हटलं की सकाळ-संध्याकाळ दूध निघणारच. एकाची म्हैस आटली तर शेजाऱ्याची असतेच. काहीच देत नाही असं गाव कधी माझ्या डोक्यातच आलं नाही."

लेक वैतागली होती. एका रविवारी माझ्यासमोरच म्हणाली, "आई, इतक्या लांब येऊन तू दिवसभर त्या स्क्रीनपुढे. बीचवर येत नाहीस, देवळात येत नाहीस. काय मिळवायचंय तुला त्यातून?"

"शत्रू," काकू म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

शेवटी तिनं त्यांना जवळजवळ ओढूनच रोटोरुआला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला काकूंचा फोन. गंधकाच्या उकळत्या चिखलाच्या कुंडाशी उभ्या होत्या, मागे बुडबुड ऐकू येत होतं. "लिहून घे. आमची गाडी गावात दहा मिनिटं थांबायची. तेवढ्यात कॅन आले तर आले, नाहीतर हॉर्न देऊन पुढच्या गावाला. जहाजालाही तेच. तीन खेळ्या थांबायचं, मग वाटेतल्या दुसऱ्या ग्रहावर जायचं." मी विचारलं, रोटोरुआ कसं आहे? "वास येतो," त्या म्हणाल्या.

तपासणाऱ्यांना आता पुरावा हवा होता. जुन्या नियमांचा कॉम्प्युटर आणि नव्या नियमांचा कॉम्प्युटर यांच्यात वीस डाव लावा, म्हणाले. यंत्रच यंत्राशी खेळणार होतं, दिवसाला दोन डाव व्हायचे. मी काकूंना सांगितलं की ते आपोआप चालतं, तुम्ही खुशाल फिरून या. त्या दहाही दिवस समोर बसून राहिल्या. सोळा डाव नव्या नियमांनी जिंकले. हरलेल्या चार डावांवरची काकूंची टिपणं मी निकालासोबत पाठवली, आणि त्यांतल्या दोन चुका त्या मंडळींनी स्वतः दुरुस्त केल्या. शिवाय कुणीतरी हल्ल्याचे नियमही नव्यानं लिहिले होते, ते काय आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

नवी आवृत्ती आली तेव्हा काकूंच्या विमानाला पाच दिवस उरले होते. त्यांनी अवघड पातळीवर डाव मांडला आणि बॅगा भरायचं काम लेकीवर सोडलं.

निघायच्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा त्या चष्मा डोळ्यांवर ठेवून सरळ ताठ बसल्या होत्या. कॉम्प्युटरची जहाजं भरलेली जात होती आणि भरलेली येत होती. सीमेवरच्या एका किरकोळ ग्रहावर त्यानं गुपचूप इंधन साठवलं होतं आणि तिथून आरमार थेट काकूंच्या राजधानीवर आणलं होतं. मी हळूच म्हणालो, कालचा डाव साठवलेला आहे, मागे जाऊन एखादी खेळी बदलता येईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्ची मागे ओढून बसलो.

आणखी दोन खेळ्या झाल्या आणि राजधानी पडली.

लेक लवकर घरी आली होती. आईच्या डोळ्यांत पाणी बघून तिनं पर्स खाली टाकली. "आई, असं नको ना करू. पुढच्या वर्षी येशील की परत."

"अगं, हरले मी," काकू म्हणाल्या. "सरळसरळ हरवलं मला. जरासुद्धा दया दाखवली नाही." त्या सहा महिन्यांत मी त्यांचा चेहरा इतका निवांत कधी बघितला नव्हता. लेक माझ्याकडे बघायला लागली. मी तिची पडलेली पर्स उचलून तिच्या हातात दिली.

तासाभरानं गाडी निघाली. मी फुटपाथवर उभा राहून हात हलवला. काकू मागच्या सीटवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन काचेशीच होत्या, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचे ओठ हलत होते. मिरजेत गेल्या गेल्या त्याला कुठे गाठायचं, हे त्यांनी ठरवायला घेतलं होतं.