आणखी अभ्यासाची गरज

"मी नुसतं टाइप केलं," असं बाई म्हणायच्या आणि दोन्ही हात उताणे करून समोर धरायच्या. कुणी काही विचारलेलं नसलं तरी.

सात रस्त्याजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. बाई निवृत्त होऊन कोकणातून सोलापूरला भावाकडे राहायला आल्या आणि दुपारच्या माझ्या दुकानात येऊन बसू लागल्या. माझ्या चुका काढायच्या. "सही घ्यायच्या आधी परत एकदा वाच की रे. सही झाल्यावर काय उपयोग?" तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. किरकिरं म्हणून आपण त्याला सोडून देतो. मीही तेच केलं होतं. बाकीचं मला तुकड्यातुकड्यांनी, फार उशिरा कळलं.

समुद्रातल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात त्या टायपिस्ट होत्या. सोलापूरची मुलगी, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर हजर होताना. मासा खायला शिकवलं शेजारच्या मासेवालीनं. "काटे काढून द्यायची मला, लहान पोरीला द्यावे तसे," सांगताना बाई हसायच्या. त्या हसायच्या तेवढ्यापुरत्याच.

केंद्रातल्या शास्त्रज्ञांनीच पूर्वी तिथल्या कोळ्यांच्या गावाला होड्यांवर इंजिन बसवायला आणि मोठी जाळी ओढायला शिकवलं होतं. गावात पक्की घरं उभी राहिली. म्हणून केंद्राच्या कागदावर गावाचा विश्वास. पुढे बाईंचे साहेब रोज पहाटे बंदरावर जाऊन मासे मोजू लागले. पापलेट वर्षागणिक लहान होत चाललं होतं. साहेबांनी अहवालात लिहिलं : पिल्लंही सुटत नाहीत अशी बारीक जाळी ताबडतोब थांबवा, नाहीतर मासा संपेल.

अहवाल वरच्या ऑफिसातून परत आला. ते वाक्य तांबड्या शाईनं खोडलेलं आणि बाजूला नवीन : 'आणखी अभ्यासाची गरज आहे.' साहेबांनी कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "करा टाइप." बाईंनी केलं. साहेबांनी सही केली.

त्याच आठवड्यात त्या मासेवाली मैत्रिणीनं विचारलं, "बाय, काय लिवलंय गो कागदात? पोरगा नवी होडी बांधायची म्हणतो."

"काळजीचं काही नाही लिहिलेलं," बाई म्हणाल्या. कागदापुरतं ते खरंही होतं.

होडी झाली. चार-पाच वर्षांत किनाऱ्याजवळ मासा मिळेनासा झाला. जाळ्यात नुसता चिखल आणि जेलीफिश. पोरगा लांब, आणखी लांब जाऊ लागला. एकदा वादळात सापडला. होडीची एक फळी किनाऱ्याला लागली. तो सापडला नाही.

खोडलेल्या वाक्याबद्दल बाईंनी तिला तेव्हाही सांगितलं नाही. नंतरही, निवृत्त होईपर्यंत, रोज तिच्या दारावरून जात राहिल्या.

दोन वर्षांपूर्वी, सत्तरी उलटल्यावर, एकट्याच एसटीनं तिकडे मैत्रिणीला भेटायला गेल्या. परतल्या तेव्हा त्यांना आणायला मी स्टँडवर गेलो. गेल्या थंडीत बाई वारल्या. पण मला दिसतात त्या अजून तिथल्या बाकड्यावर बसलेल्या, पिशवी मांडीवर घेऊन.

"सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"सगळं. आधी कोणतं वाक्य होतं, मग कोणतं झालं."

"काय म्हणाल्या त्या?"

"उठली आणि परसात जाऊन बसली. मला वाटलं, येईल. आत भात शिजत होता. करपल्याचा वास सुटला तरी आली नाही." बाईंनी पिशवीचा बंद नीट केला. "मग मीच उठून गॅस बंद केला आणि निघाले."