वनितानं धूळ पकडली

भिलाईबाहेरच्या आमच्या वस्तीत दगड फोडणाऱ्या क्रशरची धूळ ताटात पडते, फोटोत मात्र दिसेना. क्रशरविरुद्धच्या तक्रारीवर उद्या सुनावणी, अन् पुरावाच नाही. वस्तीतल्या रूपेशनं भाड्याचा ड्रोन उडवला. छपरं झकास आली, धूळ गायब. मी भडकलो. लग्नांचे फोटो काढणारी वनिता जुना मोबाइल घेऊन ओट्यावर निवांत बसली होती.

“काहून बसून राहिली तू?”

“ऊन उतरू द्या ना, भाऊ. उजेड मागून आला तरच धूळ दिसते.”

सूर्य छपराला टेकला. तिनं दोरीवरची धुळीनं माखलेली चादर सासूच्या हाती देऊन तिला सूर्याकडे पाठ करून उभं केलं. “आई, झटका जी चादर!”

फोटोत म्हातारीभोवती धुळीचा लोट पेटल्यासारखा उठला होता. हाच उद्या सुनावणीत साहेबासमोर ठेवतो. धूळ नाही, असं आता म्हणून दाखव म्हणावं क्रशरवाल्याला!