मेव्हणीच्या सासऱ्यांचा इंग्रज

अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये भाडं न भरता लंडनमध्ये राहणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या मेव्हणीचा सासरा आहे. लंडनही आजचं नव्हे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. देहाने ते शांती नगरच्या एका सेक्टरमध्ये चौथ्या मजल्यावर, मुलगा-सुनेजवळ राहतात. पण जीव सगळा एका इंग्रज मुद्रकाच्या छापखान्यात अडकलेला. हा इंग्रज राजा नव्हता की सेनापती नव्हता. माझ्यासारखाच पोटासाठी छापणारा माणूस. त्याने हयातभर काय काय छापलं याची एकही नग न सोडता यादी करायची, हे सासरेबुवांनी निवृत्तीनंतर अंगावर घेतलेलं काम. सासरेबुवा हे मी पाठीमागे म्हणतो. समोर घरातल्यांसारखं अण्णाच म्हणतो. नातं बायकोकडचं, त्यामुळे तोंड आवरावं लागतं. एरवी माझं तोंड कसं आहे ते भाईंदर पूर्वेच्या कागदवाल्यांना विचारा. रिमचा भाव सांगताना ते आधी पाणी पितात.

फोर्टातल्या एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म प्रूफं वाचण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर फूटपाथवरून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. कुठल्याशा पाद्र्याची प्रवचनं, पहिलं पानच नाही. दुसऱ्या कोणी ते रद्दीत घातलं असतं. सासरेबुवांना झोप येईना. एवढं तीनशे पानांचं काम, आणि करणाऱ्याचं नाव नाही? सुनेने त्यांना टॅबलेट घेऊन दिला, परदेशातल्या ग्रंथालयांत ठेवलेल्या पुस्तकांची चित्रं कशी उघडायची ते शिकवलं, आणि त्या दिवसापासून माझी मेव्हणी पस्तावते आहे.

त्यांची रीत अशी. त्या काळी प्रकरण सुरू करताना पहिलं अक्षर मोठं, नक्षीदार असायचं, लाकडात कोरलेलं. प्रत्येक छापखान्याची आपली अक्षरं. लाकूडच ते, दाबाखाली त्याचा टवका उडतो, तडा जातो. सासरेबुवांच्या इंग्रजाकडे एक ‘टी’ होता, त्यावर वेल आणि वेलीवर पक्षी. पक्ष्याची चोच तुटलेली. ज्या पुस्तकात तुटक्या चोचीचा पक्षी, ते पुस्तक ह्याचं, मग त्यावर नाव असो वा नसो. वर पक्ष्याच्या शेपटाकडून एक तडा जायचा, तो वर्षागणिक लांबत जायचा. “तडा वाढतो, प्रेसवाले, कमी होत नाही,” ते मला सांगत. “तेव्हा तडा मोजायचा की साल कळतं.” आणि लाल पट्टीची वही उघडून त्यात नोंद करत, अशा अक्षरात की वहीच छापलेली वाटावी.

गळ्यात लेसला बांधलेलं भिंग चोवीस तास. लग्नपत्रिका हातात दिली तर नवरा कोण, नवरी कोण हे ते वाचत नाहीत. आधी कोपऱ्यातली वेलबुट्टी भिंगाखाली घेतात. एकदा मोरव्याच्या कोळणीकडून पापलेट घेताना भिंग बाहेर काढलं. ती पिशवी आपटून म्हणाली, “काका, मावरं हाय, पुस्तक न्हाय!” खरं तर ते पापलेट बघतच नव्हते, ते ज्यात गुंडाळलं होतं तो कागद बघत होते. तो उलगडून घेऊन ते चालू लागले, आणि पापलेट आणायला मेव्हणीला परत जावं लागलं. बोलताना तर ‘आमच्याकडे’ म्हणजे कायम लंडन. लिफ्टमध्ये शेजाऱ्याला सहज म्हणाले, “आमच्याकडे आग लागली तेव्हा सगळा कागद जळाला हो.” त्या बिचाऱ्याने घाबरून विचारलं, “कब, अंकल? चौथे माले पे?”

ह्या इंग्रजाने छापलं काय, ते ऐकण्यासारखं आहे. प्रवचनं, पंचांगं, घोड्यांच्या रोगांवरचं एक पुस्तक, मुरंब्याच्या कृती, फासावर जाणाऱ्या चोरांची शेवटची गाणी आणि मधूनमधून सरकारला शिव्या देणारी बेनामी पत्रकं. ही यादी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी टाळी देत म्हणालो, “अण्णा, म्हणजे जॉब प्रेसच की! मी काय वेगळं करतो?” मी लग्नपत्रिका छापतो, दहाव्याची कार्डं छापतो, क्लासवाल्यांची पत्रकं, उत्तनच्या चर्चच्या सणाचा कार्यक्रम, गणपतीच्या पावत्या. टाळी हवेतच राहिली. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही माल काढता. तो मुद्रण करायचा.” हे मी विसरलेलो नाही. एका हातमशिनीवर धंदा सुरू करून आज तीन गाळ्यांचा प्रेस उभा केला मी, कोणाच्या बापाची ओळख न लावता. आणि मेलेल्या इंग्रजापुढे मी माल!

पण माझी खरी तक्रार ही नाही. खरी तक्रार पत्रकाची आहे.

ती सांगण्याआधी माझ्या फुलाबद्दल सांगायला हवं. हातमशीन घेतली तेव्हा एका मोडीत निघालेल्या प्रेसमधून मी एक फुलाचा ब्लॉक उचलला होता. आठ पाकळ्या, त्यातली एक अर्धी तुटलेली. ती पाकळी मालकाच्या नाकासमोर धरून मी भाव निम्म्यावर आणला. तो माझ्या आयुष्यातला पहिला सौदा. तेव्हापासून माझ्या प्रेसमधून जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या शेवटी ते फूल. पुढे अक्षरांचे शिशाचे खिळे गेले, ऑफसेट आलं, संगणक आला. मी फूल स्कॅन करून संगणकात घातलं. माझी ऑपरेटर वर्षा मजकूर संपला की न विचारता फूल टाकते. आपण जेवल्यावर हात धुतो, तसं.

सासरेबुवांच्या सोसायटीचे सेक्रेटरी माझे जुने गिऱ्हाईक. पावत्या, नोटिसा, आणि मुख्य म्हणजे सेक्टरच्या गणेशोत्सवाची स्मरणिका, जाहिरातींसकट शंभर पानी. माझ्या वर्षातलं सगळ्यांत मोठं काम. सोसायटीची निवडणूक आली. विरोधी पार्टीचे दोघे माझ्याकडे एक मजकूर घेऊन आले. वर मथळा होता, ‘सेक्रेटरीसाहेब, टँकर कुणाचा, पाणी कुणाचं?’ खाली कुणाचं नाव नाही, छापणाऱ्याचंही टाकायचं नाही म्हणाले. छापणाऱ्याचं नाव टाकायचं असतं हे मला कळत नाही असं नाही. पण सेक्रेटरीने त्याच महिन्यात माझ्याशी स्मरणिकेच्या भावावरून घासाघीस केली होती, आणि माझ्याशी घासाघीस केलेली मला चालत नाही. ती मी करायची असते. मी वर्षाला बजावलं, “आपलं नाव नको, पत्ता नको, फोन नको.” तिने यातलं काही टाकलं नाही. पहाटे सगळ्या दारांखाली पत्रकं सरकली आणि सेक्टरभर धुरळा उडाला.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा होती. स्मरणिकेचा नमुना दाखवायला मी अगदी साळसूद चेहऱ्याने जाऊन बसलो. सेक्रेटरी पत्रक हवेत नाचवत होते. “किसने छापा, बोलो! हिम्मत है तो नाम डालो ना नीचे!” नाव नसलेला कागद, छापणारा कोण हा प्रश्न, आणि दुसऱ्या रांगेत माझे सासरेबुवा. मला ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. गळ्यातलं भिंग वर आलं होतं.

“इकडे द्या पाहू,” ते म्हणाले. त्यांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. पुढच्या खुर्चीवर माझा स्मरणिकेचा नमुना पडला होता, तो उचलून शेजारी ठेवला. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी इतका आनंद माणसाच्या तोंडावर नातू झाल्यावरसुद्धा पाहिलेला नाही.

“नाव नाही, पण फूल आहे!” ते जवळजवळ ओरडलेच. “आठ पाकळ्या, चौथी अर्धी! अहो, माझ्या इंग्रजानं नेमकं हेच केलं होतं. सरकारविरुद्ध पत्रक काढलं, नाव झाकलं, आणि सवयीनं आपलाच पक्षी टाकून मोकळा! प्रेसवाले, अहो प्रेसवाले, उभे राहा ना!”

मी उभा राहिलो नाही. पण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळून उभ्याच होत्या. सेक्रेटरी नुसते म्हणाले, “शेठ, तुम भी?” त्या वर्षीची स्मरणिका मीरा रोडच्या दुसऱ्या प्रेसकडे गेली. विरोधी पार्टीनेही पाठ फिरवली, कारण मी पकडला गेलो. दोन्हीकडून हात धुऊन बसलो. आणि जिन्यावर सासरेबुवांनी मला गाठून काय विचारावं? “तो मूळ ब्लॉक अजून आहे का हो तुमच्याकडे?”

“अण्णा,” मी म्हणालो, “माझा धंदा बुडवलात तुम्ही.”

“मी कुठे? फुलानं सांगितलं. मी फक्त वाचलं.” आणि वर निष्पापपणे, “खोटं वाचायला हवं होतं का?”

त्या गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. दिवाळीला बायको एकटी गेली. मधल्या काळात त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी झाल्याचं कानावर आलं, मी न ऐकल्यासारखं केलं. मग एका रविवारी सकाळी मेव्हणीचा फोन आला. “भाऊजी, अण्णांनी बोलावलंय. फक्त तुम्हालाच.”

दारातच तिने मला अडवून हळू आवाजात सगळं सांगितलं. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला आहे. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तेच दिसत नाही. आणि नेमकं आत्ता परदेशातल्या एका ग्रंथालयाकडून, दोन वर्षं पत्रं लिहिल्यावर, एका बेनामी पत्रकाचं चित्र आलं होतं. हे पत्रक इंग्रजाचंच, असं त्यांचं मन सांगत होतं. यादीतली शेवटची जागा त्याच्यासाठी सोडून ठेवली होती. “मला सगळे पक्षी सारखेच दिसतात,” ती म्हणाली. “यांना विचारलं तर हे न बघताच हो म्हणतात, ते अण्णांना कळतं. तुम्ही बघा, आणि चोच तुटलेली आहे एवढंच सांगा. तुमचं खरं मानतील ते. एवढं करा, भाऊजी.”

सासरेबुवा खिडकीपाशी बसले होते. भिंग गळ्यातच होतं. माझ्या आवाजाच्या दिशेने मान जरा तिरकी करून म्हणाले, “आलात? बसा. तुमची नजर धंद्याची आहे. टवका उडालेला तुम्हाला लगेच दिसतो, भाव पाडायला.” आणि गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. ते त्यांच्या छातीवर राहून गरम झालं होतं.

मी टॅबलेटवरचं चित्र मोठं केलं. वहीत चिकटवलेला पक्षी आणि नव्या पत्रकातला पक्षी शेजारी ठेवले. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. ज्या माणसाने भर सभेत माझं नाक कापलं होतं, त्याची दोन वर्षांची वाट माझ्या एका शब्दावर आली होती. मेव्हणी माझ्याकडे बघत होती. एक शब्द टाकला की सगळे खूश. असे शब्द मी दिवसातून चाळीस वेळा टाकतो. कागद इम्पोर्टेड आहे म्हणतो, उद्या सकाळी तयार म्हणतो.

“अण्णा,” मी म्हणालो, “चोच शाबूत आहे.”

“टोकापर्यंत?”

“टोकापर्यंत.”

“आणि शेपटाकडचा तडा?”

“नाही. हे दुसऱ्याचं लाकूड आहे. वेलीचं एक पानही जास्त आहे.”

मेव्हणीने पदर तोंडाला लावला. सासरेबुवांनी चाचपून पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “पानाचं मला सुचलं नसतं. खोडा.” सोडलेल्या जागेत त्यांनी पेन्सिलने फक्त पत्रकाचं नाव लिहून ठेवलं होतं. मी ते खोडलं. माझ्या हाताने, सरळ रेघ मारून.

वही हातात होतीच, म्हणून मी मागची पानं चाळली. खोटं कशाला सांगू, माझं पत्रक शोधत होतो. एवढं गाजवलंत, तर कुठेतरी चिकटवलं असेल, खाली दोन ओळी लिहिल्या असतील. मागची पानं कोरी होती. मी रागाने विचारलंच, “अण्णा, माझं पत्रक कुठंय? त्याची नोंद नाही केलीत?”

“तुमची कशाला करू?” ते म्हणाले. “त्याची यादी करतो, कारण तो कोण होता ते मला माहीत नाही. तुम्हाला तर मी ओळखतो.”

आता दर रविवारी सकाळी मी त्यांचे डोळे होऊन बसतो. राग अजून आहे. तो गेला असं कोणी समजू नये. गेल्या महिन्यात मी पत्रिकांसाठी माझ्या फुलाचा उठावाचा साचा करून घेतला, कागदावर बोटाला लागेल असं फूल उमटवणारा. साचेवाला म्हणाला, “शेठ, पाकळी पूरी कर दूँ?” त्याला मी असा झापला की त्याने भाव आपणहून कमी केला. पहिली पत्रिका निघाली ती सासरेबुवांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेलीच नाही. मांडीवर ठेवून बोट फिरवत राहिले, पहिली पाकळी, दुसरी, तिसरी, आणि चौथीच्या अर्ध्यावर बोट थांबलं. तिथून ते त्यांनी बराच वेळ उचललं नाही. मीही घाई केली नाही.