जिन्याखालचा जनरेटर

चौऱ्याहत्तर साली सोलापुरात वीज सारखी जाऊ लागली आणि जो तो जनरेटर घेऊ लागला. ते नीट बसवलेत का, हे बघायचं काम अग्निशामक दलातल्या सोमलिंग कोरेच्या गळ्यात पडलं.

सात रस्त्याजवळच्या एका खाजगी प्रसूतिगृहात तो गेला, तर जनरेटर जिन्याखाली. शेजारी डिझेलचं पिंप. वर अकरा बाळंतिणी, आणि उतरायला तेवढाच एक जिना.

"डॉक्टरसाहेब, हे आधी बाहेर काढा."

"कुठं काढू? मागं उघडं अंगण आहे, पावसात भिजेल. आणि विजेवाल्यांनी पास केलंय की!"

सोमलिंग विजेवाल्यांकडे गेला. ते म्हणाले, आम्ही फक्त वायरिंग बघतो. बांधकामवाले म्हणाले, इंजिन म्हणजे बांधकाम नव्हे. पाच महिन्यांत त्यानं दोन नोटिसा दिल्या. तिसरी घेऊन गेला, तेव्हा दुसरी त्याला पिंपाखाली सापडली. गळणारं डिझेल टिपायला घातलेली!

त्याचं डोकंच फिरलं. वीज गेलेली, इंजिन धडधडत होतं. तो तरातरा वर गेला आणि मायाक्का आयाला स्ट्रेचर आणायला लावलं.

"झोपा ह्याच्यावर," तो डॉक्टरांना म्हणाला.

"मी?"

"वर आग लागलीय असं समजा. तुमास्नी खाली न्यायचंय."

डॉक्टर हसत आडवे झाले. पुढं सोमलिंग, मागं मायाक्का. खालच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला तापलेला सायलेन्सर. धुरानं डॉक्टर खोकू लागले.

"मागं घ्या, मागं घ्या!"

"मागं कुटं?" मायाक्का म्हणाली. "वर आग लागलीय न्हवं?"

तेवढ्यात डॉक्टरांची बाही सायलेन्सरला टेकली आणि चरचरली. ते उडी मारून उठले. करपलेली बाही बघत बराच वेळ पायरीवर बसून राहिले.

आठवड्यात मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली. पिंप लांब, वेगळ्या कट्ट्यावर गेलं. सोमलिंगनं समाधानानं दाखला लिहून दिला.

पंधरा दिवसांनी डॉक्टर बांधकामवाल्यांचा एक कागद घेऊन त्याच्यासमोर हजर. शेड विनापरवाना आहे, पाडून टाका!

सोमलिंगनं कागद दोनदा वाचला. टोपी काढून टेबलावर आपटली. मग इंजिन जिन्याखाली का नको, ते स्वतःच्या हातानं चार पानांत लिहिलं आणि स्वतः बांधकामवाल्यांना नेऊन दिलं.

त्याला पुढं काही उत्तर आलं नाही. शेड मात्र राहिली.